बोटीची गार बाजू

६ फेब्रुवारी

आलो एकदाचे राहायला. घरातलं सामान बहिणीकडे, दिराकडे आणि माळ्यावर असं वाटून टाकलं, उरलेलं दोन बॅगांत कोंबलं आणि दुपारी बोटीवर पाय ठेवला. नवऱ्याने आल्याआल्या टोपी चढवली, म्हणून मी त्याला कप्तान म्हणायला लागले. त्याला ते आवडलंय, पण कबूल करत नाही. जन्मभर कारखान्यातले पंप दुरुस्त केले, आता निवृत्त झाल्यावर स्वतःची शिडाची बोट. लाकडी आहे, जुनी आहे, पण तो तिच्याकडे असा बघतो की तसं आमच्या लग्नात माझ्याकडेही बघितलं नव्हतं.

चार पायऱ्या उतरलं की आमचा संसार. उजव्या हाताला शेगडी, ती टांगलेली आहे, बोट डुलली की तीही डुलते. त्यामुळे चहाचं भांडं सरळ राहतं आणि चहा करणारी वाकडी होते. समोर निमुळत्या टोकात दोघांची गादी. डाव्या बाजूला बोटीच्या भिंतीला लागून एक अरुंद बाक, त्यावरही गादी घातली आहे. भिंत म्हणजे नुसती फळी, पलीकडे पाणीच. संडासाला हातपंप आहे. तो वापरायची रीत कप्तानाने मला तीनदा समजावली, तिसऱ्यांदा मी त्याला तिथंच कोंडणार होते.

हे लिहायचं कारण डॉक्टरीणबाई. पाळी जाण्याच्या दिवसांत रोज चार ओळी लिहायच्या म्हणाल्या: अंगातून वाफा कधी निघाल्या, राग कधी आला, रडू कधी. मी वीज कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसायचे. लोक शिव्या द्यायचे, मी गार आवाजात "नोंद घेतली आहे" म्हणायचे. गेल्या वर्षी एका गृहस्थाचं बिल त्याच्यादेखत फाडून त्याच्याच हातात ठेवलं. त्या दिवशी साहेबांनी आणि मी, दोघांनीही ओळखलं की आता घरी बसलेलं बरं.

आजचा हिशेब: वाफा दोनदा, राग एकदा, रडू नाही. लेकीचा फोन आला होता. तिला सहावा लागलाय. आजी झाल्यावर पोहायला शिकवशील ना, असं विचारत होती. झोप छान लागेल असं वाटतंय.

११ फेब्रुवारी

पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. इथे नवऱ्याशीही करू नये, कारण रुसून जायला दुसरी खोलीच नाही.

सकाळी भट्टी पेटली. वाफांना मी भट्टी म्हणते. छातीतून सुरू होते, मानेवरून कानांपर्यंत चढते, मग केसांच्या मुळांतून घाम. तळपायाची आग मस्तकात म्हणजे काय ते मला आत्ता या वयात शब्दशः कळलं. त्याच वेळी कप्तान दोरखंड गुंडाळत म्हणाला की तू जरा शांतपणे घे. मी हातातलं झाकण समुद्रात भिरकावलं. चांगलं झाकण होतं. मग त्या झाकणासाठी रडले.

त्याने पंखा माझ्याकडे वळवला आणि वर निघून गेला. मी त्या अरुंद बाकावर कुशीवर पडले आणि पाठ भिंतीला टेकवली.

काय सांगू. उन्हातून येऊन माठाला गाल लावावा तसं वाटलं. पाठीतून उष्णता हळूहळू निघून जायला लागली. थोड्या वेळाने उठले तर घाम सुकला होता, राग कुठे होता तेही आठवेना. वर जाऊन कप्तानाला म्हटलं, झाकणाशिवायही चहा होतो. तो हसला. बऱ्याच दिवसांनी.

१९ फेब्रुवारी

भट्टी पेटली की मी बाक गाठते. औषधाच्या गोळ्या घ्यायच्या की नाही हे डॉक्टरीणबाईंना तीन महिन्यांनी सांगणार होते. आता लागणारच नाहीत असं दिसतंय.

एक गोष्ट मात्र मजेची आहे. बाकीची भिंत दुपारी उन्हाने कोमट असते. हात फिरवून बघितला. गार असते ती फक्त बाकाला लागून असलेली जागा. कप्तान म्हणतो तिथे सावली पडत असेल.

धक्क्यावर फाटकी शिडं शिवून देणारी एक बाई बसते. सगळे तिला शिडवाली म्हणतात. दणकट आवाज, तोंडात सतत दोरा. आमचं शीड शिवता शिवता तिने या बोटीच्या आधीच्या मालकिणीबद्दल सांगितलं. ती म्हणे भारी तापट. नाकावर माशी बसू द्यायची नाही, धक्क्याच्या या टोकाला ओरडली की त्या टोकाची कुत्री उठायची. पुढे वय झालं तसा राग गेला. इतकी शांत झाली की भर उन्हाळ्यात शाल घेऊन बाकावर पडून राहायची. शेवटी मुलांनी उचलून नेली. आता कुठल्याशा आश्रमात असते. मध्यंतरी तिचा थोरला मुलगा अपघातात गेला. घरचे सांगायला गेले तर तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, बाहेर ऊन आहे का.

मी म्हटलं, बिचारी, विसरभोळी झाली असेल. शिडवालीने दोरा दातांनी तोडला आणि म्हणाली, नाही हो, तिला सगळं आठवतं.

म्हणजे सगळ्याच बायकांचं हे होतं आणि जातं, असं मी माझ्यापुरतं घेतलं.

३ मार्च

बंदर सोडून आठवडा झाला. किनाऱ्याकिनाऱ्याने जातोय, एका निर्मनुष्य खाडीत नांगर टाकलाय. दोन्ही बाजूंना खडक, झाडी, एक पांढरा पक्षी. लेकीच्या बाळंतपणाआधी परत फिरायचं आहे, त्याला अजून वेळ आहे. फोन लागतो, पण डेकच्या टोकाला उभं राहिलं तरच.

आज कप्तान डोळ्याला काच लावून बोटीखाली उतरला होता. तळाला शिंपल्यांचे थर चढलेत, त्यामुळे बोट संथ चालते, ते खरवडायचे होते. वर आला तो नडगी चांगलीच खरचटून घेऊन. शिंपले म्हणजे वस्तरे असतात. जखम धुतली, पट्टी बांधली. पाय बांधून घेताना तो गंमत सांगत होता. सगळ्या बोटीला बोटभर खरबरीत थर आहे, फक्त डाव्या बाजूला एक जागा अगदी साफ. घासून घासून गुळगुळीत झालेली, जुन्या देवळाच्या उंबऱ्यासारखी.

केवढी जागा, असं मी विचारलं. तो म्हणाला, माणूस झोपेल एवढी. मग पट्टी बघत बघत त्याने हवेत त्या जागेचा आकार काढून दाखवला. वर गोल, मग रुंद, मग खाली दुमडलेलं.

कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन. मी पडते तशीच.

मी पट्टीची गाठ जरा जोरात मारली. तो ओरडला.

५ मार्च

दोन दिवस बाकावर गेले नाही. वाफांनी जीव नकोसा केला. दर तासाला भट्टी. अंगावर ओला टॉवेल घेऊन डेकवर बसते. काल कप्तान काटा रुतल्यासारखं कण्हला (नडगी ठणकते) तर त्याच्यावर खेकसले. आज त्याने अंडी करपवली तर अंगाचा तिळपापड झाला, तवा आपटला, मग पाय दुखत असताना त्याने अंडी केली म्हणून रडले. मला माझीच लाज वाटते. पण हेही लिहिते: त्या रडण्यात मी मीच होते.

आणि आवाज. आज दुपारी शेगडीपाशी उभी होते. भट्टी पेटली. तेव्हाच उजव्या भिंतीला बाहेरून काहीतरी घासलं. ओलं कातडं लाकडावरून सरकावं तसं, संथ. मी पुढच्या गादीवर जाऊन बसले. आवाज तळाखालून पुढे आला आणि माझ्या पाठीशी थांबला. पायऱ्यांवर गेले, तिथेही. घाम सुकला तसा आवाजही थांबला.

कप्तानाला बोलावून ऐकवलं. तोवर काहीच नव्हतं. नांगराची दोरी असेल म्हणाला, मासा असेल म्हणाला. मग माझा हात हातात घेऊन, अगदी मायेने म्हणाला की बाकावर पडलीस की तुला किती बरं वाटायचं. का उगीच हट्ट करतेस. माझ्यासाठी जा थोडा वेळ.

त्याचा चेहरा ओढलेला होता. मी त्याला किती छळलंय ते त्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मी गेले.

या वेळी फळी नुसती गार नव्हती. मी पाठ टेकवली आणि पलीकडून कुणीतरी पाठ टेकवली.

उठावंसं वाटलं नाही. फार छान वाटत होतं.

९ मार्च

चार दिवस वाफ नाही. राग नाही. दुपारभर बाकावर असते. बॅगेतून शाल काढून घेतली आहे.

काल लेकीचा फोन आला. फोन जावयाचाच होता खरं तर. ती जिन्यात घसरली. बाळ फार लवकर बाहेर आलं. मुलगी आहे, काचेच्या पेटीत ठेवली आहे, तळहाताएवढी. डॉक्टर काही सांगत नाहीत. मग लेक बोलली. ती 'आई' एवढंच म्हणाली आणि पुढे रडत राहिली.

मी म्हटलं, बरं.

मग रेंज जाऊन फोन कट झाला. मी खाली येऊन चहा केला. कप्तानाला चहा देताना सांगितलं. त्याच्या हातातला कप खाली पडला. तो तोंड झाकून रडायला लागला, आणि मी कपाचे तुकडे गोळा करत होते. त्याच्याकडे बघून मला वाटलं, किती गरम होत असेल याला.

हे लिहिताना मला कळतंय की इथे काहीतरी व्हायला हवं होतं. जीभ भाजल्यावर चव लागत नाही तसं आहे. तिथे लेक आहे हे माहीत आहे. पण लागत नाही.

१० मार्च

परत निघालो. वारा अजिबात नाही, इंजिनावर चाललोय. कप्तानाची नडगी सुजून लाल झाली आहे, चटका बसतो इतकी गरम. तरी तो सुकाणूवर.

सकाळी त्याने मला खांद्याला धरून हलवलं. म्हणाला, ओरड माझ्यावर. मी तुला इथे आणलं, मी नसतं आणलं तर तू लेकीजवळ असतीस. काहीतरी फेक. शिव्या दे. मी म्हटलं, तुझा पाय दुखत असेल, बस. तो माझ्याकडे असा बघत राहिला की जणू दारात कुणी अनोळखी उभं आहे.

मग म्हणाला, त्या बाकावर पुन्हा जायचं नाही. मी विचारलं, बाहेर ऊन आहे का.

लिहून झाल्यावर हे वाक्य वाचलं. हे वाक्य माझं नाही. कुठून आलं ते मला माहीत आहे — शिडवालीने सांगितलं होतं — त्या बाईचं —

घाबरायला हवं. घाबरायला हवं हे लिहून ठेवते.

११ मार्च, सकाळ

इंजिन तापून बंद पडलं. कप्तानाला उभं राहवत नाही. ताप फणफणलाय, बरळतोय. वारा नाही. समुद्र तेलासारखा.

रेडिओवरून बोलावलं. माणूस चांगला बोलला. जखम, ताप, आम्ही कुठे आहोत, सगळं विचारलं. बचावाची बोट निघाली आहे, पण लांब आहे, संध्याकाळ होईल. रुग्णाला धीर द्या म्हणाला.

मी पाणी आणायला गेले आणि आले, तेवढ्यात तो बाकावर. भिंतीला पाठ लावून. गुडघे पोटाशी.

गार वाटतंय म्हणाला. तू खरं सांगत होतीस म्हणाला. हसला.

११ मार्च, दुपार

ताप उतरला. आधी मला बरं वाटलं, म्हणजे बरं वाटायला हवं असं वाटलं. मग हात लावला. ताप उतरून थांबला नाही. उतरतोच आहे. बोटं गार, ओठ निळसर. लेकीचं नाव सांगितलं तर म्हणाला, कोण?

पलीकडून घासण्याचा आवाज नाही. आता चोखल्यासारखा —

त्याला ओढून खाली जमिनीवर आणलं. जड आहे. पायऱ्या चढवून वर नेणं मला शक्य नाही. फळ्यांखाली पाणीच आहे. भिंतीपलीकडे जे होतं ते खाली आलं. तिथेही त्याच्या पाठीखाली.

चादरी, शाल, सगळं अंगाखाली घातलं. उपयोग नाही. त्या पलीकडच्याला ऊब लागते. जिथे जास्त ऊब, तिथे ते. माझ्यात उरली नाही म्हणून ते याच्याकडे गेलं.

मग मला तापायला हवं.

११ मार्च, नंतर

शेगडी पेटवून हात धरले. नाही. त्याला ती ऊब नको, अंगातली हवी.

राग यायला हवा. राग कसा येतो ते आठवत नाही. तो कुठून सुरू व्हायचा — छातीतून —

लिहून बघते. शोधते.

लेक झाली तेव्हा मी कळा देत होते आणि हा दवाखान्याच्या आवारात कुणाची तरी बंद पडलेली मोटार दुरुस्त करत होता. काही नाही. हसू येतं.

माझी नोकरीतली बढती राहिली. काही नाही.

आई. आईला आपल्याकडे आणू म्हटलं होतं. शेवटचं वर्ष होतं तिचं. हा म्हणाला, जागा कुठे आहे. मी ऐकलं, भांडले नाही. आणि दोन महिन्यांनी त्या मागच्या खोलीत याने सुतारकामाचं यंत्र आणून ठेवलं. भलंमोठं. आईच्या पलंगाएवढं. मी त्यावरची धूळ पुसायचे. पुसायचे मी. आई तिकडे परक्या बायकांच्या हातून जेवायची, परक्या बायकांच्या हातून गेली, आणि मी इथे ते यंत्र पुसत

मान गरम झाली. थोडी.

कधी बोलले नाही. सगळ्यांना मी समजूतदार. आणि आता या वयात शरीरच ओरडायला लागलं, तर सगळे म्हणतात हे हार्मोनचं आहे, मनावर घेऊ नको, पड जरा. माझं होतं ते. आईचं होतं. लेक 'आई' म्हणाली आणि मी बरं म्हटलं — माझी लेक — तिची तळहाताएवढी पोर, आणि मी बरं — कुणी नेलं माझ्यातून — कुणी —

कान पेटलेत. घाम. हाताला सुटलाय, पेन घसरतं.

आवाज त्याच्याखालून हलला.

तो कुडकुडतोय. चांगलं आहे. कुडकुड. लेकीचं नाव पुटपुटला.

ये इकडे. मी आहे. पाठ टेकवणार नाही, बसून राहणार, लिहीत राहणार. मला आठवायला खूप आहे. संध्याकाळपर्यंत पुरेल. तुला त्याच्याकडे जायची गरज नाही. आई, खोली, यंत्र. आई, खोली —

माझ्या पाठीशी आलंय. मी टेकलेले नाही. वीतभर अंतर आहे —

लांबून इंजिनाचा आवाज? की हे —

अंतर कमी झालं. मी हललेले नाही. फळी आत